वाहेदभाईचं कार्ड

"बेटी, तू नुसतं एवढंच म्हन, की वाहेदला माफ केलं. एकदा म्हन. मग मी फोन ठेवते."

माझा फोन काउंटरवर स्पीकर लावून ठेवलेला होता. पलीकडं बँकेच्या कार्ड विभागातली सुकन्या नावाची कुणी पोर बोलत होती. ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली, "मॅडम, तुम्ही पंचवीस हजार एकरकमी भरले की खातं सेटल होतं. बाकीची रक्कम बँक सोडून देणार आहे."

"सोडून देनार म्हंजी माफ करनार का?"

"सेटल होईल, मॅडम."

"सेटल न्हाई. माफ. तोंडानं म्हन."

पोर आवाज खाली करून म्हणाली, "कॉल रेकॉर्ड होतोय, मॅडम. आम्हाला जेवढं लिहून दिलंय तेवढंच बोलता येतं."

"मग ज्याला बोलता येतंय त्याला दे."

"असं कुणी नाहीये हो इथं."

वाहेदभाईच्या बायकोनं, कमरजहाँभाभीनं माझ्याकडं बघितलं. "एवढी मोठी ब्यांक, भाऊ, आन् माफ केलं म्हनायला एक मानूस न्हाई?"

मी फोन उचलला, नंतर करतो म्हणून बंद केला आणि भाभीवर तडकलो. तडकायचा मला आजार आहे. बायको म्हणते, तुमच्या दुकानात गिऱ्हाईक येतं ते शिव्या खायलाच येतं. "भाभी, एक्काहत्तर हजाराचं पंचवीसात मिटतंय! लोक असल्यासाठी देव पाण्यात घालून बसतेत. आन् तुमी त्या पोरीची उलटतपासणी कावून घेताय?"

"पंचवीस भरले तर शेहेचाळीस हजार त्यांच्या मानंवर ऱ्हातेत."

"कुणाच्या?"

"गुफरानच्या अब्बांच्या."

वाहेदभाईला मातीत ठेवून चार महिने झाले होते.

सिरसाळ्यात बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन सेंटर आहे. झेरॉक्स, सातबारा, पीकविमा, लाइटबिल, सगळं. माझ्या शेजारच्या गाळ्यात वाहेदभाई पाण्याच्या मोटारी भरायचा. मोटार भरणं म्हणजे जळालेली तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळणं. रब्बीत लाइटीचा खेळ सुरू झाला की त्याच्या दारात मोटारींची रांग लागायची. हात सोन्याचा, पण धंदा सगळा उधारीवर. शेतकरी म्हणायचा, कापूस गेला की देतो. हा म्हणायचा, द्या सावकाश. आणि तार मात्र रोख आणावी लागायची.

व्याजाला हा माणूस विंचवासारखा भ्यायचा. सावकाराच्या ओट्यावर कधी चढला नाही. त्याला कार्ड घ्यायला मी लावलं. एक एजंट माझ्याकडं यायचा, प्रत्येक फॉर्ममागं मला साडेतीनशे द्यायचा. मी वाहेदभाईला म्हणालो, पंचेचाळीस दिवस एक पैसा व्याज नाही. त्यानं तीनदा विचारलं, नक्की न्हाई? मी तीनदा म्हणालो, नक्की न्हाई. आणि ते खोटं नव्हतं. पण कापूस काही पंचेचाळीस दिवसांत जात नाही, हे शेतकऱ्याच्या पोटी जन्मून मला कळायला नको?

पहिलं मोठं बिल आलं त्या दिवशी पीकविम्याची शेवटची तारीख होती. दुकानात ही गर्दी, सर्व्हर बंद, माझं डोकं फिरलेलं. वाहेदभाई गर्दीतून हात लांब करून कागद दाखवत म्हणाला, "परमेश्वर, ही खालची बारकी रक्कम हाय ना, एवढीच भरली तर चालतंय का बे?"

कागदाकडं न बघता मी म्हणालो, "चालतंय की."

बस. तेवढंच. ती बारकी रक्कम म्हणजे हप्ता, असं त्यानं धरलं. गाडीचा असतो तसा, मोजून इतके भरले की संपला. पुढची दोन वर्षं तो दर महिन्याला तेवढीच भरत राहिला आणि वरून व्याज चढत राहिलं. मधूनमधून मला हसून सांगायचा, "आता सातच ऱ्हायले." मला वाटायचं, कसले तरी भिशीचे हप्ते असतील. विचारलं नाही मी. कधीच विचारलं नाही.

सटवा धुमाळच्या विहिरीवर मोटार वर ओढताना त्याच्या छातीत कळ आली. अंबाजोगाईला नेईपर्यंत संपला.

जनाज्याला मीही गेलतो. नमाजाच्या आधी गुफरान, त्याचा थोरला, पुढं उभा राहिला. पुण्याहून रातोरात आलेला, डोळे सुजलेले. त्यांच्यात रीत आहे, वारसानं चार माणसांत विचारायचं. तो म्हणाला, "माझ्या अब्बांकडं कुणाचं काय येनं असंल तर माझ्याकडं मागा. न्हाईतर अल्लाच्या वास्ते माफ करा." सटवानं मोटारीसाठी दोन हजार आगाऊ दिलेले होते. तो रडतच म्हणाला, माफ. तारवाला दुकानदार म्हणाला, माफ. चौफेर माफ, माफ असा आवाज झाला. मला भरून आलं. त्या गर्दीत बँक नव्हती, हे कुणाच्या ध्यानात यावं!

बँकेचं पत्र तीन महिन्यांनी आलं. गुफराननं फोनवर आईला सांगितलं, "अम्मी, वकिलाला विचारलंय मी. आपल्या नावावर ना जमीन, ना घर. एक रुपया भरू नको." पोरगा वाईट नाही. चौदा हजार पगार, त्यात भाडं, त्यात नुकतं झालेलं बाळ. भाभीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू चार मानसांत जिम्मा घेतलास, गुफरान. मी तितं नव्हते, आमी बायका नसताव. पर तू काय बोललास ते आख्ख्या गावानं मला येऊन सांगितलंय."

मग त्या सुकन्याचा फोन झाला, आणि माफ म्हणणारं कुणी नाही हे कळल्यावर भाभीनं ठरवलं, पुरं फेडायचं. मी वाहेदभाईच्या मृत्यूचा दाखला जोडून बँकेला अर्ज केला, तेव्हा पुढचं व्याज तेवढं थांबलं. एक्काहत्तर हजार चारशे. महिना तीन हजार.

तीन हजार आणायचे कुठून? वाहेदभाई होता तेव्हा तारेची कॉइल घरात भाभीच गुंडाळायची, हातानं फिरवायच्या मशीनवर. मोठ्या मोटारी तिला उचलत नव्हत्या, पण पंखे येत होते. तिनं माझ्याकडून दारावर खडूनं लिहून घेतलं, 'पंखे भरून मिळतील.' पहिले पंधरा दिवस कुणी फिरकलं नाही. बाईच्या हातचा पंखा चालंल का, असं माणसं चहाच्या टपरीवर बोलायची. मग सटवा घरचा चांगला चालता पंखा घेऊन गेला आणि म्हणाला, जळालाय. भाभीनं लावून बघितला, म्हणाली, "ह्यो तर चालू हाय. घेऊन जावा, आन् जळाल्यावर या." पण ही गोष्ट गावभर झाली, आणि हळूहळू पंखे यायला लागले.

एका पंख्यामागं दीडशे सुटायचे. उन्हाळ्यात महिन्याला पंचवीस-तीस पंखे, पावसाळ्यात पाच-सहा. पावसाळ्यात ती साड्यांना फॉल लावायची. दूध बंद केलं, काळा चहा, तोही एक टाइम. गॅसची टाकी कोपऱ्यात ठेवून चुलीवर पऱ्हाटी जाळायची. राशनच्या तांदळावर महिना काढायची. दर पाच तारखेला दुकानात यायची, बटव्यातून पैसे काढायची, आणि मी भरून पावती दिली की ती पावती दोनदा उलटीसुलटी करून बघायची. तिला वाचता येत नाही.

पहिल्या वर्षी बकरीदेच्या आधी तिनं पाळलेलं बोकड विकलं. मी म्हणालो, "भाभी, सणाला तरी ठेवायचं." ती म्हणाली, "भाऊ, कर्जा असलेल्यावर कुर्बानी न्हाई. आमच्या दीनानं, धर्मानंच सूट दिलीय, मग म्या कावून रडू?" पण डोळे भरलेच तिचे. पिलापासून वाढवलेलं होतं ते.

दुसऱ्या वर्षी तिला बारीक तार दिसेना. मी एकदा पंखा घ्यायला गेलतो, तर ती तार हातभर लांब धरून डोळे बारीक करून बघत होती. बोटाला चिंधी बांधलेली.

"चष्मा घ्या की, भाभी."

"अठराशे सांगितले. हिकडं पाच तारीख आलीय."

"मी देतो. परत नका देऊ."

तिनं तार खाली ठेवली. "तुमी कावून? तुमचा काय संमंध?"

काय संबंध! तोंडापर्यंत आलं होतं. म्हणणार होतो की भाभी, चालतंय म्हणणारा मी. त्या एका शब्दात तुमचा चष्मा गेला, दूध गेलं, बोकड गेलं. इतक्यात शेजारची बाई पीठ मागायला दारात आली, आणि मी पंखा उचलून निघालो. खरं सांगू? ती बाई आली नसती तरी मी बोललो नसतो. माणूस लई भित्रा असतो.

शेवटचे चोवीसशे तिनं यंदाच्या एप्रिलात आणले. भरले. आठ दिवसांनी बँकेचं पत्र आलं. मी ते छापून तिला वाचून दाखवलं, सावकाश, एकेक शब्द. यापुढं कोणतीही रक्कम देय नाही.

"पुन्यांदा वाचा."

पुन्हा वाचलं. तिनं कागद हातात घेतला आणि काउंटरवर पाच रुपये ठेवले. मी ओरडलो, "भाभी, आता तुमी माझं डोकं फिरवू नका!" तर म्हणाली, "छापायचे पैसे व्हतेत ना? मग घ्या. कुनाचंच काय नको." घेतले. न घेऊन करतो काय.

मग ती जरा अडखळत म्हणाली, "गाडी हाय का? कब्रस्तानापातुर सोडता? गुफरान ईदला येनार, तवर मला थांबवंना."

भर दुपार होती. मोटारसायकलवर मागं ती कागद छातीशी धरून बसली. कब्रस्तानाच्या फाटकाशी उतरली आणि तिथंच उभी राहिली. "आमच्या बायका आत जात न्हाईत. तुमी जावा. त्यांला सांगा."

"मी?"

"तुमी मूठमाती दिलीय. तुमाला ठावं हाय जागा."

मी चपला काढल्या आणि आत गेलो. भिंतीजवळच, फाटकापासून वीसएक पावलांवर त्याची कबर आहे. कडेनं गवत वाळलेलं. मी कबरीशी उभा राहिलो. दिवसभर गिऱ्हाइकांवर ओरडणारा मी हळूच म्हणालो, "वाहेदभाई, फिटलं." आणि मग, कुणी ऐकणार नाही अशा बेतानं, पुटपुटलो, "त्या दिवशी मी कागद बघितलाच न्हाई. न बघता चालतंय म्हणालो. मला माफ कर."

वारा नव्हता. कुठंतरी दूर एका विहिरीवर मोटार चालू होती.

"सांगितलं का?" फाटकातून भाभीनं विचारलं.

"सांगितलं."

"जोरात सांगा, भाऊ. मोटारीच्या आवाजानं त्यांचे कान गेलते. हळू बोललेलं त्यांला ऐकू येत नव्हतं."

मी खाली वाकलो आणि ओरडून म्हणालो, "वाहेदभाई, फिटलं! पैसा न् पैसा फिटला! भाभीनं फेडला!"

भाभी फाटकाच्या गजाला धरून रडायला लागली. दोन वर्षांत मी तिला तसं रडताना बघितलं नव्हतं.

मी तिथंच थांबलो. दुसरंही जोरात सांगायला पाहिजे होतं. पण फाटक वीस पावलांवर होतं, आणि मला ते जोरात म्हणवलं नाही.