बिजली आत, नंबर सत्तावीस

"पद्मजा, नंबर?"

बाहेरच्या खोलीतून ह्यांची हाक आली तेव्हा माझ्या कानाला फोन होता. पलीकडे नागपूरची माझी बहीण मीरा तिच्या विहिणीची गाऱ्हाणी सांगत होती आणि गाऱ्हाणी ऐन रंगात आली होती. मी बसल्या जागेवरूनच ओरडले, "सत्तावीस!" आणि स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेल्या कागदावरचा सत्तावीस पेन्सिलीने खोडला.

हे नंबरांचं प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर आमचं घर वेड्यांचं वाटेल. नरहर, म्हणजे आमचे हे, रेल्वेत गेटमन होते. चौतीस वर्षं फाटकावर. गाडी यायची झाली की स्टेशनमास्तरचा फोन येई. हे फाटक लावत, कुलूप ओढून बघत आणि मगच हातातल्या कागदावरचा पुढचा नंबर मास्तरला सांगत. मास्तरला फाटक दिसत नसतं. त्याला फक्त नंबर ऐकू येतो आणि तेवढ्या भरवशावर तो गाडी सोडतो. नंबर म्हणजे गेटमनचा शब्द.

रिटायर झाल्यावर गुढियारी वस्तीतल्या ह्या घरात ह्यांना करमेना. मालगाड्यांचे आवाज लांबून येत, पण त्या गाड्यांना आता ह्यांची गरज नव्हती. मग एक दिवस पिंजरा आला आणि पिंजऱ्यात तीन लव्हबर्ड. नावंही ह्यांनी गाड्यांचीच दिली: निळा शिवनाथ, हिरवा गोंडवाना आणि कुठेही थांबते म्हणून पिवळी लोकल. घरात आधीपासून माझी बिजली होती, नालीतून उचलून चमच्याने दूध पाजून वाढवलेली. दारात म्हातारा कुत्रा शेरू होता, पण त्याला पाखरांशी देणंघेणं नव्हतं, त्याला पोळी मिळाली की झालं. मांजर आणि पाखरं एका घरात कशी नांदणार, असं अख्ख्या पाऱ्याने, म्हणजे मोहल्ल्याने, विचारलं. ह्यांनी रेल्वेचाच उपाय काढला. रोज पाचला अर्धा तास पाखरं खोलीत उडणार. त्याआधी हे पंखा आणि खिडक्या बंद करणार. मी बिजलीला स्वयंपाकघरात घ्यायचं, दार लावायचं, ती आत आहे हे डोळ्यांनी बघायचं आणि नंबर द्यायचा. उलटसुलट आकड्यांचा कागद हेच दर महिन्याला लिहून देत. सुरुवातीला मी खूप हसले होते. पण चार वर्षं एका पिसालाही धक्का लागला नाही.

त्या दिवशी दार लावलेलंच होतं, फोनसाठी मीच लावलं होतं. त्या वेळी बिजली तांदळाच्या पोत्यावर झोपलेली असते. रोजच असते. म्हणून मी पोत्याकडे मान वळवून बघितलंच नाही.

पहिल्यांदा धप्प असा आवाज आला, मग पाखरांचा कालवा. मी दार उघडलं तेव्हा बिजली दिवाणाखाली पळाली होती आणि हे खाली बसले होते. मनगटावर रक्ताचे ओरखडे. ओंजळीत गोंडवाना होता, मान एका बाजूला पडलेली.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागे, पोत्याकडे. पोतं रिकामं होतं. हे एक शब्द बोलले असते तर मी दहा बोलले असते, आणि ते मला सोपं गेलं असतं.

सहा वाजता विशाल उरल्याहून शिफ्ट संपवून आला. आमचा मुलगा, तिथल्या रोलिंग मिलमध्ये आहे. हिंदी मुलखात वाढला, त्यामुळे त्याला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत.

"क्या हुआ? बिजली अंदर नहीं थी क्या?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "मी नंबरच नाही घेतला. तसाच पिंजरा उघडला. विसरलो."

विशालने हातातली पिशवी सावकाश खाली ठेवली. महिन्याभरात हे दोनदा पाण्याची मोटर बंद करायला विसरले होते. तेव्हापासून तो बापाकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होता.

"बाबा, अब आपसे नहीं होगा," तो म्हणाला. चिडून नाही, प्रेमाने म्हणाला. "ये दोनों मैं कल सुबह सुपरवाइजर साहब के घर दे आता हूँ. उनकी बिटिया को शौक है."

"हव," हे म्हणाले.

आणि मी? मी, जी अख्ख्या घराच्या चुका काढत आले, सध्या माहेरी गेलेल्या सुनेच्या फोडणीपासून विहिणीच्या आहेरापर्यंत, ती मिठाची गुळणी धरून उभी राहिले. खरं सांगते, मला भीती वाटली. मुलाने माझ्याकडेही त्याच नजरेने बघितलं तर?

मागच्या लिंबाखाली ह्यांनी खड्डा केला. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाजूला उभी होते.

"खोटं काहून बोलले तुमी?" मी विचारलं.

"कोणतं खोटं?"

"मले नका शिकवू. सत्तावीस मी दिला होता. न पाहता दिला."

ह्यांनी माती सारखी केली, हात धुतले. "चौतीस वर्षं फाटकावर डबा आणला तू. मे महिन्यात, डांबर वितळे तेव्हा बी. विशाल पोटात होता तेव्हा बी. मी कधी बोललो का, की पद्मजा, लय केलं तू?"

"त्याचं आता काय?"

"नाही बोललो कधी. म्हटलं, एक डाव तरी तुह्या कामी पडू."

इतकी वर्षं मी ह्या माणसाला घुम्या म्हणत आले, त्याच्या तोंडावर आणि बहिणीजवळही. त्याच्या मनात एवढं साठलेलं होतं आणि मला पत्ता नव्हता. ज्या माणसाने आयुष्यात एक नंबर चुकीचा दिला नाही, त्याने माझा चुकीचा नंबर आपल्या नावावर घेतला होता, आणि वर स्वतःची पाखरंही देऊन टाकायला निघाला होता.

सकाळी विशाल स्कूटीच्या मागे दोरीने पिंजरा बांधत होता. हे ओट्यावर पेपर धरून बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते. मी स्वयंपाकघराच्या दारावरचा कागद ओढून काढला आणि बाहेर आले.

"हा कागद पाह्य. सत्तावीस. खोडलेला हाय की नाही?"

"हाँ. तो?"

"मी खोडला. नंबर दिला की मगच खोडते मी. तुह्या बापानं नंबर मागितला होता, मी फोनवर होती, मांजर न पाहता देऊन टाकला. चूक माही हाय. तुह्या बापाची नाही."

विशाल कागदाकडे बघत राहिला. मग ह्यांच्याकडे वळला. "बाबा? आपने झूठ क्यों बोला?"

"मोटर दोनदा विसरलो, ते खरं हाय," हे म्हणाले. "पिंजरा नाही विसरलो."

मला वाटलं, आता पोरगा मला काहीतरी म्हणेल. त्याने दोरीची गाठ सोडली. पिंजरा उचलून ओट्यावर ठेवला, बापाच्या पायाशी, आणि खाली वाकल्यासारखा थोडा वेळ तिथेच राहिला. मग म्हणाला, "आई, शिफ्ट को देर हो रही है. डब्बा."

त्या संध्याकाळी मी फोन बाहेरच ठेवला. बिजलीला उचलून आत घेतलं, दार लावलं आणि तिला मांडीवर घेऊन दाराला पाठ लावून खालीच बसले.

"पद्मजा, नंबर?"

"अठ्ठावन्न."

मला वाटलं, आज हे येतील, दार ढकलून बघतील, निदान खालच्या फटीतून तरी. कुणीही बघितलं असतं. मी तर नक्कीच बघितलं असतं. पण मी अठ्ठावन्न म्हणायचा अवकाश, पिंजऱ्याची खिटी वाजली आणि पंखांचा आवाज खोलीभर झाला.

"शिवनाथ पंख्यावर बसला," हे दारापलीकडून म्हणाले. मला दिसत नाही म्हणून सांगत होते. "लोकल माह्या डोक्यावर."

मी नाक ओढलं, ते ह्यांना ऐकू गेलं असावं.

"पद्मजा, रडून राहिली का?"

"नाही."

"मग ठीक."

मी रडतच होते. मांडीवर बिजली गुरगुरत होती, आणि मी तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.