गुरांसाठी आलेला निरोप

सिंहिणीने गाढवीण मारली ती भर दिवसा, पाण्याच्या वाटेवर. सिमालोई काठी घेऊन आपल्या गाढविणीच्या, करडीच्या, मागून चालत होती. बाभळीआडून पिवळं काहीतरी सुटलं आणि करडीच्या पाठीवरचे चारही रिकामे कॅन धडाधड जमिनीवर आदळले. सिमालोई ओरडली, काठी फेकली, दगड मारले. सिंहीण गुरगुरली, पण जागची हलली नाही. शेवटी सिमालोईच मागं सरत सरत वस्तीवर परतली.

वस्तीतले तरुण भाले घेऊन उठले. "गाय गेली की वासरू?" एकाने विचारलं.

"गाढवीण. माझी करडी."

भाले पुन्हा कुंपणाला टेकले. "गाढवासाठी कुणी सिंहाच्या मागं लागतं का, काकी?" दोघं-तिघं हसलेसुद्धा. तिला रडायलाही उसंत नव्हती. घरात जेमतेम चहापुरतं पाणी उरलं होतं.

दुपारी परमुआत आला. तोही याच वस्तीतला, पण आता त्याची नोकरी सिंहांवर पाळत ठेवायची. सिंहिणीच्या गळ्यात पट्टा होता, आणि ती कुठं आहे हे त्याच्या हातातल्या यंत्रावर कळायचं.

"वाईट झालं, काकी. पण सिंहिणीला मारायला त्या मढ्यावर विष टाकू नका तेवढं."

"विष कसलं टाकते! आधी पाणी कसं आणू ते सांग. तुझं यंत्र सांगतं ना, बया कुठं बसलीय ते?"

"सांगतं."

"मग आज का गप्प बसलं?"

"गप्प कुठं? पहाटेच काकांना फोन केला मी. सिंहीण पाण्याच्या ओढ्याकडे आहे, तिकडे जाऊ नका म्हटलं."

सिमालोईने नवऱ्याकडे पाहिलं. कोइकाई झाडाखाली चहा पीत होता.

"अहो, हा काय म्हणतोय?"

"गुरं लगेच डोंगराकडे वळवली ना मी! एका वासराला ओरखडा नाही आला."

"आणि मी?"

"मला वाटलं, निरोप गुरांसाठी आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गुरांसाठी! आणि तो चहा काय गुरांनी आणलेल्या पाण्याचा आहे? आणा, तो फोन माझ्याकडे द्या."

"अगं, बाजारातली माणसं फोन करतात मला," म्हणत त्याने फोन अंगावरच्या लाल चादरीच्या घडीत आणखी आत सारला.

ती परमुआतकडे वळली. "उद्यापासून तू माझ्या दाराशी येऊन सांगायचंस."

"येतो, काकी. नक्की येतो."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तरी तो आला नाही. शेजारच्या वस्तीत सिंहांनी दोन वासरं मारली होती. संतापलेल्या माणसांना आवरायला तो उजाडायच्या आधीच तिकडे गेला होता. त्याच्यावर चिडावं तर तेही जमेना.

"आज फोन नाही आला," कोइकाई म्हणाला. "म्हणजे तिकडे काही नसेल."

"कालही मला काही आलं नव्हतं."

तिने एक कॅन पाठीवर घेतला, त्याचा पट्टा कपाळाला लावला आणि चालू लागली. करडी एका फेरीत चार आणायची. थोड्या वेळाने मागं पावलं वाजली. कोइकाई येत होता, वीस पावलांचं अंतर राखून, खांद्यावर भाला टाकून.

"आलोय ना सोबतीला," तो म्हणाला.

तिने त्याच्या रिकाम्या पाठीकडे पाहिलं. दुसरी खेप तिलाच करावी लागणार होती, आणि तिसरीही.