बिशपच्या हातातली उसनी काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे, बोरीची. आणि आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

कुंभार पिंपळगावच्या धुळाजी मेंढपाळाने मला बांधावरून तोडलं, विस्तवावर शेकून माझं टोक वाकवलं आणि पोटभर तेल पाजलं. त्या वाकड्या टोकाने बाभळीची फांदी खाली ओढायची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांना पाला मिळतो. काय सुखाचे दिवस होते ते!

धुळाजीचा लहानपणचा सोबती राजानंद. तो शिकून पाद्री झाला आणि पुढे अँग्लिकन पद्धतीच्या चर्चचा बिशप झाला. बिशप म्हणजे गावोगावच्या मंडळींचा मेंढपाळ, म्हणून त्याच्या हाती मेंढपाळाची काठी देतात. मंडळींनी पितळेची झगझगीत काठी आणायचं ठरवलं. धुळाजीला ऐकून हसूच आलं.

"पितळेनं कुठं मेंढरं राखत्यात व्हय? ही घेऊन जा. पर उसनी हाय बरं का! काम सरलं की आणून द्यायची."

"आणून देईन," राजानंद म्हणाला.

धुळाजीची बायको बायनाबाई दारातच उभी होती. "कशाची परत येती आता!" ती पुटपुटली. मला तिचं बिलकुल पटलं.

झालं, मी बिशपसाहेबांची काठी झाले. चर्चमध्ये लोक माझं कौतुक करायचे, तेव्हा मी त्यांच्या हातांवर नजर ठेवायची. पण खरा संशय साहेबांवरच. जांभळा झगा घालून हा माणूस मला नुसता मिरवतोय, असं सारखं मनात यायचं. लग्नाला, मयताला, आजाऱ्याच्या उशाशी ते मला नेत. अंकुशनगरकडे ऊसतोड कामगारांच्या खोपटांपर्यंत गाडी जायची नाही, तिथे माझ्यावर भार टाकून चिखल तुडवत जात. तरी माझी शंका फिटेना. धुळाजी वारला तेव्हा साहेब मातीला गेले, पण मला कपाटात ठेवून. का बरं? सोबत नेलं असतं तर परत द्यावं लागलं असतं ना! त्या दिवशी कपाटात मी फार रडले.

यंदा साहेब निवृत्त झाले. चर्चचे कारभारी सर्जेराव यांनी माझ्यासाठी काचेची पेटी करायला सांगितली. जुन्या जालन्यातला साजिद सुतार माझं माप घेऊन गेला. "बराबर बसंल सर्जेराव, हलणार बी न्हाई," म्हणाला. माझा तर जीवच उडाला. जन्मभर काचेत उभं राहायचं?

शेवटच्या उपासनेत बिशपने काठी वेदीवर ठेवायची असते. साहेबांनी मला ठेवलं आणि पाठ फिरवली. बघा, म्हटलं नव्हतं मी? उपासना संपली. सर्जेराव मला उचलायला पुढे झाले, तेवढ्यात साहेब मागे वळले आणि त्यांनी मला घट्ट धरलं.

"साहेब, ती आता मंडळीची हाय," सर्जेराव म्हणाले.

"मंडळीची न्हाई अन् माझीबी न्हाई. धुळाजीकडून उसनी आणल्ती. आता काम सरलं."

दुसऱ्याच दिवशी आम्ही कुंभार पिंपळगावला. बायनाबाई शेळ्यांना पाणी पाजत होती. तिने मला उलटसुलट करून पाहिलं.

"भावजी, बदलून तर न्हाई आणली? ही धन्याच्या खांद्याला लागत व्हती. एवढी आखूड कशी झाली?"

मग तिची नजर माझ्या बुडाकडे गेली. ते झिजून गोल झालं होतं. खरं सांगते, लोकांचे हात बघण्याच्या नादात ते मीही कधी पाहिलं नव्हतं.

"लई चाललात की हो," ती हळूच म्हणाली. "धनी शेवटपर्यंत म्हणायचे, राजानंद आणून देईल. मीच भांडत व्हते." तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्या टोकाने बाभळीची फांदी ओढली. शेळ्या धावत आल्या.

मित्रांनो, कुणाची वस्तू आणली तर ती जपा, कामाला लावा, आणि काम सरलं की ज्याची त्याला द्या. तिला काचेत कोंडू नका.

साहेब निघाले. त्यांचा हात रिकामा मी पहिल्यांदाच पाहत होते. बांधापाशी त्यांचा पाय अडखळला.

"थांबा भावजी!" बायनाबाईने दारामागची दुसरी काठी काढून त्यांच्या हाती दिली. "पर ही बी उसनीच हाय. तुमीच आणून द्यायची, दुसऱ्याकडं धाडायची न्हाई."