दॉलोतच्या पियानोचा आवाज

"आपा, आता आणखी सुया टोचल्या तर हातोड्यांचा भुगा होईल. मग माझ्या नावानं खडे फोडाल," पियानो दुरुस्त करायला आलेला इसाबेक म्हणाला.

"ते आत्ताच फोडतेय. हा आवाज दॉलोतचा नाही."

उमसुनाईचा लेक दॉलोत जाऊन वर्ष होत आलं होतं. रविवारी त्याची आश, वर्षश्राद्धाचं जेवण. निम्मं काराकोल गाव जेवायला येणार. त्या दिवशी त्याचा पियानो वाजलाच पाहिजे, आणि तो वाजवायचा तसाच, असा म्हातारीनं हेका धरला होता. पण तारांवर आपटणाऱ्या जुन्या हातोड्यांवरचा नमदा, ती दाबलेली लोकर, कसरीनं खाल्लेला. इसाबेकनं दोन जातींच्या नव्या आणल्या, एकेक बसवून वाजवून दाखवली. तिनं डोळे मिटून मऊ आवाजाची निवडली. सगळ्या बसल्या आणि तेव्हापासून हिचा नन्नाचा पाढा. टणक वाटतोय, अजून टणकच! तो बिचारा सुया टोचून नमदा सैल करी. एकदा टोचलेलं मागे घेता येत नाही, हे सांगून त्याचा घसा कोरडा पडला.

पोर तर गेलंच, आता त्याचा आवाजही जाणार, असं उमसुनाईला वाटत होतं.

"तो वाजवायचा कधी?" इसाबेकनं विचारलं.

"दुपारी. माझी पावाच्या कारखान्यात रातपाळी, मी पलीकडच्या खोलीत झोपलेली. झोपेत कानावर यायचं. कसं मऊ, लांबून आल्यासारखं!"

इसाबेकनं कपाळावर हात मारला. पिशवीतून त्यानं नमद्याची एक लांब, झिजलेली पट्टी काढली. "पहिल्याच दिवशी चिंधी समजून काढून टाकली होती मी."

पट्टीच्या काठाला लाल नक्षी होती. उमसुनाईनं ती ओळखली. "अगं बाई! हा माझ्या बसायच्या नमद्याचा काठ! उंदरांनी खाल्ला म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं."

त्यानं पट्टी आत टांगली, मधलं पेडल दाबलं. पट्टी हातोड्या आणि तारांच्या मध्ये उतरली. त्यानं चार सूर वाजवले, आणि दॉलोत घरात आला. म्हातारी ढसाढसा रडली.

मग डोळे पुसून म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तो आवाज दाबून वाजवत होता? माझी झोप मोडू नये म्हणून?"

"हो, आपा."

तिनं पियानोवर हात ठेवला.

"काढ ती पट्टी. आणि त्या दुसऱ्या हातोड्या बसव, टणकवाल्या. रविवारी मोकळा वाजू दे. आता मी जागी आहे."