खाटेवरचा माग

हल्ली नंदनवन वस्तीतल्या माझ्या घरी सुई टोचायला मुलगी येते ती प्लास्टिकची सिरिंज घेऊन. टोचली की फेकून द्यायची. मी दवाखान्यात नर्स होते तेव्हा काचेच्या सिरिंजा उकळाव्या लागत आणि औषधाची काचेची कुपी कानशीने कापावी लागे. माझ्या अंगठ्यावर अजून त्याचे बारीक चरे आहेत. सून म्हणते, "आई, त्या कष्टांचं काय एवढं कौतुक?" आहे मला कौतुक. तो वॉर्ड मला आजही आठवतो, फिनाइलच्या वासासकट, आणि आठवला की सगळ्यात आधी शालिकराम आठवतो.

चौऱ्याहत्तर साल, कपाशीवरच्या फवारणीचे दिवस. उमरेडकडून त्याला एसटीत आडवा घालून आणला होता. तोंडाला फेस, अंग घामाने निथळतंय, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या. पाठीवरचा फवारणीचा पंप गळका निघाला. पट्टा खांद्याला काचू नये म्हणून त्याने खाली आपला दुपट्टा घडी करून ठेवला होता, आणि सकाळभर पंपातलं विष त्यात झिरपत राहिलं.

हे विष कातडीतूनही आत जातं. म्हणून माझा नियम ठरलेला होता. आल्या आल्या रोग्याचे कपडे उतरवायचे, साबणाने दोनदा अंग धुवायचं, केससुद्धा, आणि कपड्यांचं गाठोडं वॉर्डाबाहेर. नियमाच्या बाबतीत मी फार खाष्ट. वॉर्डबॉय पाठीमागे मला हवालदारीण म्हणायचे आणि मला ते मनातून आवडायचं.

डॉक्टरांनी अ‍ॅट्रोपिन, म्हणजे त्या विषावरचा उतारा, सुरू केलं. थोड्या थोड्या वेळाने सुई, तोंड कोरडं पडेपर्यंत, छातीतली घरघर थांबेपर्यंत. हे औषध अंगात भरपूर गेलं की रोगी बरळतो, हवेत काहीतरी चिमटत बसतो. ते आम्ही रोज पाहायचो. पण दुसऱ्या दिवशी दुपारी शालिकरामचं सुरू झालं ते वेगळंच. उजवा हात वरून दोरी ओढावी तसा झटका देई, डावा काहीतरी अंगाकडे ओढी, आणि चादरीखाली पाय आळीपाळीने दाबले जात. शेजारच्या खाटांवरचे उठून बघायला आले.

"ओळखलं का, बाई?" त्याची बायको चंद्रकला मला म्हणाली. "विणून राहिले. हा धोटा फेकला, अन् आता फणी मारली."

माग त्यांनी दोन वर्षांपूर्वी विकला होता. हातमागाचं लुगडं कोणी घेईना, म्हणून विणकर माणूस दुसऱ्याच्या शेतात पंप वाहायला लागला होता. मागावरून उतरलेलं शेवटचं कापड म्हणजे तो दुपट्टा.

संध्याकाळी चंद्रकला हळूच म्हणाली, "तो दुपट्टा म्या नळावर खंगाळला, सुकला बी. यायच्या डोक्याखाली ठेवू द्या नं वं. हात लागन तर शुद्धीवर येतीन."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण माझे वडील कापडगिरणीत होते. ते गेल्यावर आईने त्यांचा सदरा कधीच कोणाला दिला नाही, उशाशी घेऊन झोपायची. मला तेच आठवलं. मी म्हटलं, "ठेव. कोणाले सांगू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर शालिकरामचे हात शांत. चंद्रकला ओठांवर बोट ठेवून हसली. "झोपले. आता बरे होतीन." मलाही बरं वाटलं. औषध आदल्या दिवशीच कमी केलं होतं, भ्रम उतरला असेल म्हणून मी पुढच्या खाटेकडे वळलेसुद्धा.

पण त्याची मान कललेली होती आणि दुपट्टा ओठांपाशी ओला दिसला. औषध चालू असताना तोंड ओलं? पापणी उघडली, तर बाहुली पुन्हा मोहरीएवढी. दुपट्टा ओढून नाकाशी नेला. सुकलेल्या सुतातून त्या विषाचा घाण, लसणीसारखा वास येत होता. नुसत्या पाण्याने काय निघणार होतं? रात्रभर विष त्याच्या मानेतून आत जात होतं, आणि ते तिथे ठेवायला परवानगी माझी होती.

मी डॉक्टरांना ओरडून हाक मारली. पुन्हा साबण, पुन्हा सुया. कुप्या कापायच्या घाईत दोन खाली पडून फुटल्या. चंद्रकला भिंतीला टेकून त्याच्या हातांकडे बघत उभी होती. बाराच्या सुमारास औषध पुन्हा भिनलं आणि उजव्या हाताने झटका दिला. मग डाव्याने. ती खाली बसली आणि रडत रडत म्हणाली, "विणून राहिले, बाई, विणून राहिले!" मीही तिच्याशेजारी बसून रडले. हवालदारीण रडताना सगळ्या वॉर्डाने पाहिली.

दुपट्टा मी दवाखान्यामागे खड्डा करून पुरला. तांबडी किनार होती, फार सुबक. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते बोलायचं ते बोलले आणि मी ते ऐकून घेतलं.

चार दिवसांनी हात पुन्हा थांबले. चंद्रकलाने घाबरून मला ओढतच नेलं. शालिकराम डोळे उघडून छताकडे बघत होता. पाणी मागितलं. प्याला. मग खांदा चाचपून म्हणाला, "माहा दुपट्टा कुठी हाय?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात चंद्रकला बोलली, "नळावर धुवाले नेला होता. कोनं तरी उचलला."

"एक वस्तू सांभाळता नाई आली तुले? आता कुठून विणू मी दुसरा?" तो तिच्यावर ओरडला, नव्याने आलेल्या बारीक आवाजात, सगळ्या वॉर्डासमोर. तिने मान खाली घातली. एकदाच माझ्याकडे पाहिलं, आणि नाही म्हणून हलकेच मान हलवली.

ती बोलणी माझ्या वाट्याची होती. मी हातातला ट्रे धरून उभी राहिले आणि तिला ती खाऊ दिली.