हातीचोकाचे बूड

मित्रांनो, मी एक जुनी विळी आहे. आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट आठवली की मला अजूनही राग येतो.

चाकणच्या लोहाराने बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेपासून माझे पाते घडवले, टोकाला खोबरे खवायला दाते काढले आणि मला बाभळीच्या पाटात बसवले. आठवडी बाजारातून अंबूबाईने मला चिंचवडला आणले. तिचा नवरा मालोजी पिंपरीच्या नव्या कारखान्यात कामाला होता. कांदे, गवार, दुधी, सगळे माझ्याच पात्यावर व्हायचे. कोवळे काय आणि जून काय, ते मला लागताक्षणी कळायचे.

मालोजीचा जिवलग मित्र कादर त्याच कारखान्याच्या बंगल्यांवर माळी होता. तिथल्या एका मडमेने मायदेशी जाताना त्याला कसलीशी चार रोपे दिली. कादरने ती आपल्या परसात लावली आणि दोन हिवाळे जपली. त्याची बायको नूरबी वैतागून गेली होती. "काट्याच्या झाडाला पाणी घालता, आन् माझ्या मिरच्यांना जागा न्हाई!" शेवटी दोघांचे ठरले. भाजी खाऊन बघायची. चांगली लागली तर झाडे राहतील, नाही तर मिरच्या लागतील.

फाल्गुनात कादर टोपलीत तीन बोंडे घेऊन आला. मुठीपेक्षा मोठी, हिरवीगार, खवल्यावर खवला बसलेली, टोकाला जांभळी झाक.

"वैनी, ह्याला हातीचोक म्हंत्यात, मडम आर्टिचोक म्हनायची. बंगल्यावरच्या खानसाम्यानं नाव सांगितलं, पर रांधायचं कसं ते इचारायचंच राहिलं. तुमच्या हाताला चव हाय, तुमीच करा."

अंबूबाईने बोंडे फडताळावर मांडली. दोन दिवस सगळी आळी बघायला येत होती. शेजारची कुसुमताई म्हणाली, "खायचं कशाला? असंच ठिवा की!" खरे सांगते, तिचे ऐकले असते तर बरे झाले असते.

तिसऱ्या दिवशी अंबूबाई माझ्या पाटावर पाय ठेवून बसली. "ही तर केळफुलाची धाकटी बहीण दिसतीया!" म्हणाली आणि तिने हाताला तेल लावले. इथेच घोटाळा झाला. केळफुलाची जाड पाने टाकायची आणि आतली फुले ठेवायची, तसेच तिने केले. खवले दारातल्या शेळीच्या चाऱ्याच्या पाटीत गेले. आतले कापसासारखे तंतू तिने जपून काढले, बारीक चिरले आणि ताकात भिजत घातले. त्या तंतूंखाली वाटीसारखे जाड बूड होते. ते माझ्या पात्याला लागले मात्र, मी चमकले. शहाळ्यातल्या खोबऱ्यासारखे कोवळे! अगं, हेच तर खायचे! मी ते पात्याला धरून ठेवले. तिने देठ समजून ते बोटाने निपटले आणि पाटीत टाकले. तिन्ही वेळा.

दुसऱ्या दिवशी दुपारी कादर आणि नूरबी जेवायला आले. पहिल्याच घासाला चौघांनाही ठसका लागला. ते केसासारखे तंतू काही केल्या घशाखाली उतरेनात. कादर तांब्याभर पाणी प्याला आणि म्हणाला, "मसाला झ्याक झालाय, वैनी." पण त्याने मान वर केली नाही. नूरबीने ताट बाजूला सारले.

दोन दिवसांनी शेळीपुढे पाटी रिकामी करताना अंबूबाईच्या हाताला तळाशी राहिलेले एक बूड लागले. वरून काळे पडले होते. तिने सहज माझ्यावर कापले, तर आत पांढरे. चिमूटभर तोंडात टाकले. मग घाईघाईने उरलेले मिठात उकडले आणि वाटी पदराखाली झाकून कादरच्या घरी धावली.

तिथे काय झाले ते तिने मालोजीला माझ्यापुढे बसून सांगितले. परसात मिरचीची रोपे लागली होती. उपटलेली झाडे कुंपणाशी वाळत होती. कादरने उभ्यानेच बूड खाल्ले, वर पाणी प्याला.

"ह्ये खाल्ल्यावर पाणीसुदीक ग्वाड लागतंय, वैनी," तो म्हणाला. मग रिकामी वाटी त्याने स्वतः विसळून दिली.

हे सांगताना अंबूबाई कांदा चिरत होती. पण तिच्या डोळ्यांतले पाणी कांद्याचे नव्हते.

मित्रांनो, आता मी माळ्यावर गंजत पडले आहे. मला पुसा, तेल लावा, वापरा. आणि नवखे काही चिराल तेव्हा हात जरा सावकाश चालवा. पात्याला कळते, पण त्याला बोलता येत नाही. नूरबी दर वर्षी आम्हाला मिरच्या पाठवायची. फार चांगल्या असायच्या. मी त्या मुकाट्याने चिरायची.