नावेतला वाटा

रामहरीने मेजावरचा कागद बोटाने वकिलांकडे परत सरकवला.

"मी न्हाय सही करायचा. इंजन माझं, पैसं कवाच चुकतं केलं, आन् वर जामीन मीच देऊ?"

बारामतीचे वकील शांत माणूस. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितले. विलायतेहून इंजिन आणणारी बोट वादळात सापडली. ती वाचावी म्हणून कप्तानाने काहींचा माल समुद्रात टाकला. आता ज्यांचा माल वाचला, त्यांनी माल गेलेल्यांचे नुकसान वाटून घ्यायचे. कुणाचा वाटा किती, हे ठरायला वर्ष लागेल. तोवर हमीपत्र लिहून द्यायचे आणि इंजिन सोडवून आणायचे. खाली जमीनवाल्या जामीनदाराचा अंगठा हवा.

"आन् न्हाय दिलं तर?"

"मग राहील मुंबईच्या गोदीत पडून."

तिकडे इंदापूरच्या अंगाला रामहरीचा चार एकर ऊस भीमेच्या काठावर उभा वाळत होता. पाणी हाकेच्या अंतरावर, पण ते वर चढवायला इंजिन नाही. तरी गडी हट्टाला पेटलेला.

"दुसऱ्याचा माल बुडाला, त्यात माझा काय गुन्हा?"

जामीन राहायला सोबत आलेला म्हातारा आबाजी नावाडी शेजारीच बसला होता. तो एकदम हसला.

"आरं, ह्यो तर आपल्या नावंचाच कायदा."

भीमेचा विषय निघाला की आबाजीला आवरणे कठीण. वकिलांनीही टाक खाली ठेवला.

"पस्तीस वर्सं झाली आसतील. पूर आल्याला. नाव धारंत तिरकी झाली. मी छबूबाईच्या गुळाच्या ढेपा दिल्या टाकून पाण्यात, त्याच हाताशी व्हत्या. पल्याड उतरलो आन् ज्याचं वाचलं त्येनं वाटा काढला. कुणी जुंधळं दिलं, कुणी रुपाया. नावंत बसलं की समदं एक घर. आता एष्टीत शेजारचा माणूस कोण, ते बी ठावं नसतं."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्याला त्या दिवसांची फार आठवण येई, आणि तो ती लपवतही नसे.

"सगळ्यांनी दिला वाटा?" वकिलांनी विचारले.

"एकजण तसाच दरड चढून गेला. लई हाका मारल्या. मग त्याचा वाटा मीच भरला. ढेपा टाकणारा मी व्हतो न्हवं?"

"कोण होता तो?"

"आसंल कुणी. नडल्याला व्हता बिचारा."

रामहरी खुर्चीत जरा पुढे सरकला. वडील लवकर गेले. त्यांची एकच आठवण त्याच्यापाशी होती: आपण त्यांच्या खांद्यावर, खाली गढूळ नदी, मागून कुणाच्या तरी हाका, आणि वडील भराभर चढताना म्हणतायत, 'मागं बघू नगंस.' बापाने कसे खांद्यावरून नेले, हे त्याने आपल्या लेकरांना कितीदा कौतुकाने सांगितले होते.

त्याने कागद ओढून घेतला आणि सही केली.

वकिलांनी शाईची डबी आबाजीपुढे ठेवली. रामहरीने म्हाताऱ्याचे मनगट धरले.

"आबा, माझ्यापायी जमीन अडकवताय. खरं सांगा. त्या माणसाच्या खांद्यावर पोरगं व्हतं का?"

आबाजीने हात सोडवून घेतला, अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर नीट दाबला.

"व्हतं की. दरड चढून जाईस्तवर मला हात करत व्हतं."